परिस्थितीतला माणूस : प्रस्तावना

मानसशास्त्र म्हणजे मनोरुग्णांचे शास्त्र, ही समजूत मराठी वाचकांच्या मनातून अद्याप पुरती गेलेली नाही. मनाचे आजार आणि त्यांवरील उपचार हा या शास्त्राचा महत्त्वाचा भाग आहे यात शंका नाही. परंतु त्याचा मोठा विस्तार निरोगी माणसांच्या नित्याच्या वागण्याने व्यापलेला आहे. माणूस एखाद्या वस्तूचे मोल कसे ठरवतो, शेजाऱ्याशी स्वतःची तुलना का करतो, अफवा खरी का मानतो, हातची गेलेली गोष्ट वर्षानुवर्षे का विसरू शकत नाही, आणि एरवी आपापल्या कामात गुंतलेली माणसे एके दिवशी हजारोंच्या संख्येने रस्त्यावर का उतरतात, हे सारे प्रश्न या शास्त्राचे आहेत, आणि निरीक्षण, प्रयोग व मोजमाप यांच्या आधारे त्यांची उत्तरे शोधण्याचा उद्योग सुमारे दीड शतक चालू आहे. वर्तमानपत्रातील बातमी आणि घरातील वाद या दोहोंच्या तळाशी अनेकदा हेच प्रश्न असतात.

या शास्त्राचा सर्वांत मोठा उपयोग कोणता, असे विचारले तर त्याचे उत्तर एका सर्वत्र आढळणाऱ्या चुकीत सापडते. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण शोधताना माणूस सहसा त्याच्या स्वभावावर बोट ठेवतो आणि तो ज्या परिस्थितीत सापडला आहे तिच्याकडे काणाडोळा करतो. स्वतःच्या वागण्याचे कारण सांगताना मात्र त्याला परिस्थिती बरोबर आठवते. दुसऱ्याच्या बाबतीत परिस्थिती विसरण्याच्या या प्रवृत्तीला ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मूलभूत गुणारोपण दोष असे नाव दिले. गुणारोपण म्हणजे एखाद्या कृतीचे कारण व्यक्तीकडे किंवा परिस्थितीकडे जोडणे. त्याच्या कितीतरी आधी, १९३६ मध्ये, कुर्ट लेविन यांनी वर्तन हे व्यक्ती आणि तिच्या भोवतीची परिस्थिती या दोहोंचे मिळून फलित असते, असे सूत्र मांडले होते. सूत्र वाचताना कोणालाही पटते. ते एखाद्या प्रत्यक्ष वादाला लावताना मात्र भलेभले चुकतात. म्हणून या विवेचनासाठी एक प्रत्यक्ष भूप्रदेश समोर ठेवला आहे, आणि तो म्हणजे पनवेल तालुक्यातील गव्हाण आणि उलवे ते जासई यांमधला त्याच्या भोवतीचा पट्टा.

आगरी, कोळी आणि कराडी समाजांची वस्ती असलेला हा पट्टा भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगत आला. १९७० मध्ये सिडको या शहर विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. त्यानंतर न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर उभे राहून १९८९ मध्ये सुरू झाले, १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी आणि न्हावाशेवा यांना जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने उडू लागली. आजोबांनी नांगर धरला, मुलाने मोबदल्याचे कागद सांभाळले आणि नातू बंदरावर किंवा विमानतळावर नोकरी शोधू लागला, इतका बदल एका घराच्या तीन पिढ्यांत झाला. या पट्ट्यातील माणसांविषयी बाहेरून जी मते ऐकू येतात ती ठरावीक आहेत : मोबदला घेऊनही हे समाधानी नाहीत, प्रत्येक प्रकल्पाला आडवे येतात, हाती आलेला पैसा हळदी-लग्नांत उडवतात. ही तिन्ही मते स्वभावावर ठपका ठेवतात. मानसशास्त्राच्या कसोटीवर ती कितपत टिकतात, हे पाहणे उद्बोधक ठरते.

प्रथम जमिनीच्या किमतीचा प्रश्न घ्यावा. शासनाच्या लेखी जमीन म्हणजे क्षेत्रफळ गुणिले दर. शेतकऱ्याच्या लेखी तिचे रूप सातबाऱ्याच्या उताऱ्यात दिसते. नमुना सातमध्ये भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादाराचे नाव, वारसांची नावे, इतर हक्कांच्या रकान्यात कूळ किंवा कर्जाचा बोजा, आणि नमुना बारामध्ये त्या त्या वर्षी घेतलेले पीक, अशी एका कुटुंबाची अनेक वर्षांची हकिकत त्या एका कागदावर उतरलेली असते. भूसंपादनानंतर फेरफार नोंदवला जातो, जुन्या नावांना कंस पडतो आणि त्यांच्या जागी संपादन करणाऱ्या संस्थेचे नाव येते. पैसे बँकेत जमा झाले तरी त्या कंसाची भरपाई होत नाही, आणि यामागे मनाचा एक नियम आहे. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट मिळाल्याचा आनंद आणि तीच गमावल्याचे दुःख ही समान वजनाची नसतात. गमावण्याचे दुःख बरेच जड भरते, पुढील मोजणीनुसार जवळपास दुप्पट. याला हानी-विमुखता म्हणतात. कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि ते किती किमतीला विकाल असे विचारले. काही मिनिटांपूर्वीच मालक झालेल्या या विद्यार्थ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक भरली. काही मिनिटांची मालकी जर मनात एवढी तफावत निर्माण करते, तर पिढ्यांच्या मालकीची जमीन बाजारभावाने देणे म्हणजे फायद्याचा सौदा आहे, असे तिच्या मालकाला का वाटत नाही, हे समजण्यासाठी हाव हा शब्द वापरण्याची गरज उरत नाही.

किमतीच्या पलीकडे जागेशी जडलेले नाते असते, आणि त्याला या शास्त्रात स्थान-आसक्ती म्हणतात. म्हणजे विशिष्ट जागा ही माणसाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचाच भाग होऊन बसणे. मार्क फ्राइड यांनी १९६३ मध्ये बोस्टन शहरातील वेस्ट एंड ही वस्ती पाडल्यानंतर तेथून हलवलेल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यांतील अनेकांच्या मनःस्थितीची लक्षणे एखादे जवळचे माणूस गेल्यावरच्या शोकासारखी असल्याचे नोंदवले. विमानतळासाठी उलव्याजवळची जी गावे उठली, त्यांच्या बाबतीत हे निरीक्षण लागू पडणारे आहे. गव्हाणची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण येथे गावठाण जागेवर राहिले आणि भोवतालचा परिसर बदलला. उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. घर तेच, पण दाराबाहेर पाऊल टाकले की ओळखीचे काही दिसत नाही. ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी वेढलेल्या गावकऱ्यांची अशीच अवस्था पाहून ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी या शतकाच्या आरंभी तिच्यासाठी सोलास्टॅल्जिया ही संज्ञा घडवली. परदेशी गेलेल्याला घरची ओढ लागते. या अवस्थेत मात्र माणूस घरातच असतो आणि तरीही त्याला घराची ओढ लागते. पुनर्वसनाच्या कोणत्याही तक्त्यात या हानीसाठी रकाना नसतो, कारण कागदोपत्री अशा माणसाचे विस्थापन झालेलेच नसते.

जमिनीबरोबर सहकार्याची एक रीतही जाते. खाजणातील, म्हणजे खाडीलगतच्या खारवट जमिनीतील, भातशेती एकट्याच्या बळावर होत नाही. उधाणाचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बाहेरबांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडले, तर नुकसान फक्त बांधालगतच्या शेताचे होत नाही. पाणी आतपर्यंत पसरते आणि पुढची काही वर्षे जमिनीत खार राहतो. त्यामुळे खांड बुजवायला गावाने एकत्र येणे हा उपकार नसून गरज असते. थॉमस टाल्हेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चीनमधील अभ्यासातून असे मांडले की भात पिकवणाऱ्या प्रदेशांतील लोकांची विचारपद्धती गहू पिकवणाऱ्या प्रदेशांतील लोकांपेक्षा अधिक परस्परावलंबी असते, कारण भाताला पाणी आणि मजूर यांची देवाणघेवाण लागते. या निष्कर्षावर वादही झाले आहेत. तरी कोकणच्या खारबंदिस्तीच्या संदर्भात तो विचारात घेण्याजोगा आहे. शेती गेली की ही परस्परावलंबनाची सवय लगेच मरत नाही. ती दुसरे काम शोधते, आणि या पट्ट्यात ते काम आंदोलनाच्या रूपाने सापडले.

जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी मोठे आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना हौतात्म्य आले. या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली. संपादित जमिनीच्या प्रमाणात मूळ मालकाला विकसित जमिनीचा वाटा परत मिळावा, हे तिचे तत्त्व. आर्थिक दृष्टीने हा मोबदल्याचा एक प्रकार होता. मानसशास्त्रीय दृष्टीने त्याचा अर्थ त्याहून मोठा आहे. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ मध्ये, आणि पुढे टॉम टायलर यांनी शिकागोतील नागरिकांच्या अभ्यासातून १९९० मध्ये, दाखवून दिले की निर्णय आपल्या बाजूने लागला की विरुद्ध, एवढ्यावरच लोकांचे समाधान ठरत नाही; निर्णयापूर्वी आपले म्हणणे कोणी ऐकले का, आपल्याला मानाने वागवले गेले का आणि नियम सर्वांना सारखे लागले का, यांवरही ते ठरते. याला प्रक्रियात्मक न्याय म्हणतात. ज्या समाजाला आपल्या जमिनीविषयीचा निर्णय प्रथम नोटिशीतून कळतो, त्याचा राग केवळ दर वाढवून शमत नाही. साडेबारा टक्क्यांचा वाटा मोलाचा वाटला, कारण नव्या शहराच्या मालकीत आपलाही हिस्सा आहे, अशी ती कबुली होती.

हाच धागा धरून विमानतळाच्या नावाचा आग्रह समजून घेता येतो. २४ जून २०२१ रोजी, दि. बां.च्या स्मृतिदिनी, हजारो लोक सिडकोच्या कार्यालयाला घेराव घालण्यासाठी एकत्र आले, आणि २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विमानतळाला त्यांचे नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला. नावाने कोणाच्या पदरात भूखंड पडत नाही, मग त्यासाठी एवढी माणसे का निघतात, असा प्रश्न विचारला गेला. हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये मांडलेला सामाजिक ओळखीचा सिद्धान्त याचे उत्तर देतो : माणसाचा स्वतःविषयीचा आदर त्याच्या समूहाच्या मानाशी जोडलेला असतो, आणि समूहाचा मान धोक्यात आला असे वाटले की तो जपण्यासाठी माणूस वैयक्तिक लाभाचा विचार बाजूला ठेवतो. त्यात सामूहिक स्मृतीची भर पडते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये सांगितले की माणूस एकट्याने आठवत नाही, समूहाच्या चौकटीत आठवतो. दर जानेवारीत हुतात्म्यांना होणारे अभिवादन, उरण तालुक्यातील चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या जंगल सत्याग्रहाचे स्मरण, या साऱ्यांमुळे १९८४ नंतर जन्मलेल्या तरुणालाही तो लढा स्वतःचा वाटतो. जेथे शेत, टेकडी आणि नदी या स्मृतीच्या खुणा पुसल्या गेल्या, तेथे नाव ही उरलेली खूण असते.

पैशाच्या उधळपट्टीचा आरोप अधिक काळजीने तपासला पाहिजे. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये लॉटरी जिंकलेल्या २२ जणांची तुलना शेजारच्या सामान्य लोकांशी केली, तेव्हा जिंकणारे अधिक सुखी नसल्याचे आणि रोजच्या साध्या गोष्टींत त्यांना कमी आनंद वाटत असल्याचे आढळले. नव्या सुखाची सवय होऊन ते सुख वाटेनासे होणे, याला अनुकूलन म्हणतात. पुढे २०२० मध्ये स्वीडनमधील कितीतरी मोठ्या अभ्यासाने लॉटरीच्या पैशाने जीवनाविषयीचे समाधान दीर्घकाळ वाढते असे दाखवले, आणि जुन्या निष्कर्षाला मुरड घालावी लागली. म्हणजे अचानक आलेला पैसा माणसाला बिघडवतोच, असा नियम शास्त्र सांगत नाही. अडचण पैशापेक्षा तुलनेत अधिक असते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासात सॅम्युएल स्टॉफर यांनी १९४९ मध्ये असे नोंदवले की जेथे बढत्या भराभर मिळत, त्या हवाई दलातील जवान बढत्यांबाबत लष्करी पोलिसांपेक्षा अधिक असमाधानी होते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर बढती मिळालेले सोबती अधिक होते. ही सापेक्ष वंचितता. एका भावाचा भूखंड मोक्याच्या जागी लागला, दुसऱ्याच्या भूखंडाची सोडत लांबली, तिसऱ्याने आधीच जमीन विकून टाकली होती, अशी तफावत एकाच घरात येते तेव्हा पूर्वी कधीही न झालेली भांडणे उभी राहतात, आणि त्यांचे मूळ स्वभावात शोधणे व्यर्थ ठरते.

हळदीच्या खर्चाचेही असेच आहे. रॉबर्ट विकलंड आणि पीटर गोलविट्झर यांनी १९८२ मध्ये प्रतीकात्मक आत्मपूर्तीची कल्पना मांडली : स्वतःच्या ओळखीचा एखादा आधार ढळला की माणूस त्या ओळखीची दुसरी बाह्य प्रतीके अधिक जोराने मिरवू लागतो. ज्या समाजात माणसाची पत त्याच्या शेतावरून, मिठागरावरून आणि राबणाऱ्या हातांवरून ठरत होती, तेथे ते मोजमापच नाहीसे झाल्यावर पत दाखवण्याचे ठिकाण मांडवात येणे अनपेक्षित नाही. हा खर्च योग्य आहे असा याचा अर्थ नव्हे, आणि तो आवरण्याची हाक समाजातूनही दिली गेली आहे. उपदेशापेक्षा प्रतिष्ठेचे नवे आधार, म्हणजे शिक्षण, कौशल्याचे काम, स्वतःचा व्यवसाय, जेथे उभे राहतील तेथे हा खर्च आपोआप ओसरेल, अशी अपेक्षा हा सिद्धान्त करू देतो.

जेथे भवितव्य दूरच्या कार्यालयात ठरते, तेथे अफवांना जोर येतो. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये सांगितले की विषय जितका महत्त्वाचा आणि माहिती जितकी संदिग्ध, तितकी अफवा बळावते. या विषयातील पायाभूत काम भारतात झाले आहे : १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी पसरलेल्या अफवा गोळा केल्या, आणि ज्यांना भूकंपाचा धक्का जाणवला पण मोठे नुकसान सोसावे लागले नाही अशा लोकांत आणखी मोठ्या संकटाच्या अफवा पसरल्याचे नोंदवले. लिऑन फेस्टिंजर यांनी यावरून असा अर्थ लावला की लोकांच्या मनात भीती आधीच होती, आणि तिला शोभेल असे कारण अफवेने पुरवले. १९५७ मधील त्यांच्या बोधात्मक विसंगतीच्या सिद्धान्ताच्या जडणघडणीत या नोंदींचा वाटा आहे. अशा भीतीचे टोक महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाहिले. मुले पळवणाऱ्या टोळीच्या व्हॉट्सअॅपवरील अफवांमुळे तेथे भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार केले. अफवेवरचा उपाय दटावणी हा नाही. नेमकी माहिती वेळेवर आणि समजेल अशा भाषेत मिळणे हाच आहे, मग प्रश्न मुलांच्या सुरक्षिततेचा असो की गावाच्या नकाशावर नव्याने ओढलेल्या एखाद्या रेषेचा.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. वर उल्लेखिलेले बहुतेक प्रयोग अमेरिकेत किंवा युरोपात झाले. जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले आहे की अशा सुशिक्षित, संपन्न, पाश्चात्त्य समाजांतील लोकांवरून साऱ्या मानवजातीविषयी अनुमान काढणे धोक्याचे असते. दुसरा धोका याहून गंभीर आहे. प्रकल्पग्रस्ताच्या तक्रारीला मानसिक प्रतिक्रिया असे नाव देऊन ती निकालात काढणे सोपे असते. कमी दर, लांबलेले भूखंड, वाढत्या कुटुंबाच्या गरजेपोटी विनापरवाना बांधलेल्या घरांचा वर्षानुवर्षे लोंबकळत राहिलेला प्रश्न, हे सारे खऱ्या हिशेबाचे आणि कायद्याचे प्रश्न आहेत, आणि ते समुपदेशनाने सुटणार नाहीत. मानसशास्त्र न्यायाची जागा घेऊ शकत नाही. न्याय मिळूनही काय भरून निघत नाही आणि न्याय देण्याची रीत का महत्त्वाची असते, एवढे ते दाखवू शकते.

या शास्त्राने पुढच्या काळासाठी सांगितलेली एक गोष्ट मात्र आजच अमलात आणण्याजोगी आहे. १९९२ मध्ये जर्मनीतील म्युनिक शहराचा जुना विमानतळ बंद झाला आणि नवा दुसरीकडे सुरू झाला, तेव्हा स्टाफान हिग्गे, गॅरी इव्हान्स आणि मोनिका बुलिंगर यांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांच्या स्मरणाच्या आणि वाचनाच्या चाचण्या स्थलांतराच्या आधी आणि नंतर घेतल्या. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे दीर्घकालीन स्मरण आणि वाचन मागे पडले. जुन्याजवळच्या मुलांचे, आवाज थांबल्यावर, सुधारले. नुकसान मोजता आले आणि ते भरून निघते हेही कळले, कारण मोजणी आधीच सुरू झाली होती. नवी मुंबई विमानतळाचा पहिला टप्पा वर्षाला २ कोटी प्रवाशांचा आहे आणि अंतिम क्षमता ९ कोटींची. विमानांची वर्दळ टप्प्याटप्प्याने वाढणार असल्याने गव्हाण, उलवे आणि आसपासच्या शाळांत मुलांच्या वाचनाची आणि वर्गातील आवाजाच्या पातळीची नोंद करण्याची वेळ अजून गेलेली नाही. ही नोंद शिक्षक, ग्रामपंचायती आणि विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग मिळून करू शकतात, आणि त्यासाठी मोठा निधी लागत नाही. ती झाली नाही, तर वीस वर्षांनी ही मुले अभ्यासात मागे पडलेली दिसतील आणि त्याचे कारण पुन्हा एकदा त्यांच्या स्वभावात, त्यांच्या घरात किंवा त्यांच्या समाजात शोधले जाईल. त्या चुकीच्या निवाड्यापासून एका पिढीला वाचवता आले, तर या शास्त्राचा अभ्यास मराठीत करण्याचे सार्थक होईल.